वरची पट्टी

सीताफळं आली. काल बजाजनगरच्या चौकात टोपल्या लागल्या होत्या. खाली सीताफळाचाच हिरवा पाला, वर फळं, आणि फळांचे डोळे नुकते उघडलेले. मी थोडी घेतली आणि घरी आणून ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवली. आता डब्याचं झाकण काढलं की तो गोड, जरासा आंबूस वास येईल, आणि त्या वासाबरोबर मला गाडी आठवेल. बायकांना सीताफळावरून माहेर आठवतं. मला गाडीतले स्पीकर आठवतात. काय करणार!

हे मी लिहितेय ते कुणाला दाखवायला नाही. माझ्या घरात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. लिहिताना ओरडावं लागत नाही, एवढंच कारण.

गाडी आमची पांढरी, जुनी घेतलेली. प्रणिताचे, म्हणजे आमच्या लेकीचे, पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून त्याला आकार देणारं मशीन. लग्न होऊन मी इथं आले तेव्हाही ते त्या मशीनवरच होते. तेव्हा ते कामावरून आले की इतक्या मोठ्यानं बोलायचे, की मला वाटायचं, आज कुणाशी तरी भांडून आलेत. नंतर कळलं, तिथं सगळेच तसं बोलतात. आणि जास्त तर बोलतच नाहीत, हातानं सांगतात. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. दोन बोटं हनुवटीला लावली की सुपरवायझर आला, कारण त्याला दाढी आहे. घरातही ते तसेच. ताटात हात फिरवला की भाकरी वाढायची. मला ते सोपं वाटायचं. मी लाजरी, मला बोलायला नको असायचं.

लहानपणीही मी तशीच. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा सगळ्यात आधी वाटलं, चला, आता उभं राहून बोलायला नको. सासरी आले तर सासरे शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या सुनंचा आवाज अजून उंबऱ्याच्या भाईर गेला नाय." मला लई बरं वाटायचं ते ऐकून. तोच आवाज पुढं माझा गुन्हा ठरला. "जरा मोठ्यानं बोल की. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटती?" हे मी किती वर्षं ऐकलं, त्याचा हिशोब नाही. आणि त्यांचं ते कायमचं वाक्य, "काय म्हणली?" मी भाजीला काय आणायचं ते सांगितलं की, "काय म्हणली?" पोरीच्या शाळेतनं बोलावणं आलंय म्हटलं की, "काय म्हणली?" मग मी परत सांगायची, जरा वर. परत "काय म्हणली?" मग अजून वर. तिसऱ्यांदा सांगताना भाजीचं नाव पण भांडणासारखं येतं तोंडातून. तिसऱ्यांदा सांगण्यासारखं नसलं तर मी म्हणायची, "काय नाय." अशा किती गोष्टींचं माझ्या घरात "काय नाय" झालं.

तर गाडी. गाडी घेतली तेव्हा पप्पांचा आनंद मावत नव्हता. फक्त एका गोष्टीवर त्यांचं मन बसेना. कंपनीनं गाडीबरोबर दिलेला टेप. टेप म्हणायची मला सवय, त्यात टेप कुठली आलीय आता. ते म्हणायचे, "ह्याचा आवाज गोधडीतनं आल्यासारखा आहे." मला तर बरा वाटायचा. पण ते फोनवर व्हिडिओ बघत बसायचे आणि आम्हाला समजावून सांगायचे, कंपनी मुद्दामच आवाज दाबून ठेवते. आवाज वाढवला की ढोलकीचा खालचा घुमारा आपोआप कमी करते, स्पीकर फाटू नयेत म्हणून. स्पीकर बदलायची गरज नाही, मधे एक डबी बसवायची. डबीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो कंपनीनं वाकडा केलेला आवाज आधी सरळ करतो आणि मग आपल्याला पाहिजे तसा वळवतो. डीएसपी म्हणतात त्याला. दसऱ्याच्या आधी त्यांनी ती डबी बसवायचं ठरवलं. दोन वर्षं झाली त्याला. हेच दिवस होते, सीताफळाचे. दुपारी ऊन असं की छतावर वाळत घातलेला कपडा कडक व्हावा, आणि संध्याकाळी अचानक गार.

शहागंजातून पुढं एका गल्लीत बाबाभाईचं दुकान आहे. मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल, आणि बोलणं आमच्या गावचं, अर्धं मराठी अर्धं दखनी. प्रणिता कॉलेजात गेली होती, म्हणून मला सोबत नेलं. मला वाटलं, गाडीत बसून राहायचं. बाबाभाईनं डबी सीटखाली बसवली, तारा जोडल्या आणि मग म्हणाला, "दादा, अब मेरेकू ड्रायवर का कान होना."

"म्हणजे?"

"चारों दरवाजे के स्पीकर से ड्रायवर के कान तक कितना फासला है, टेप से नापना पडता. कान होना ना उसकू!"

पप्पांना बाहेर उभं राहून फोनच्या पडद्यावर काय चाललंय ते बघायचं होतं. म्हणून ड्रायव्हरच्या जागेवर मला बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं बसले. समोर ते चाक. हात कुठं ठेवायचे तेच कळेना, मी मांडीवर ठेवले. बाबाभाईनं टेपचं एक टोक स्पीकरला लावलं आणि दुसरं पप्पांच्या हातात दिलं. "भाभी के कान पे तुमीच पकडो दादा." भर गल्लीत, येणारे-जाणारे बघतायत, आणि हे माझ्या कानाच्या पाळीला बोटं लावून उभे. मला घाम फुटला. आमच्या लग्नात माझ्या भावानं ह्यांचा कान पिळला होता, रीत असते तशी, माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणून. सगळा मांडव हसला होता. ह्यांनी माझ्या कानाला हात लावायची पाळी मात्र इतक्या वर्षांनी आली, ती पण स्पीकरसाठी.

का मोजायचं, ते बाबाभाईनं सांगितलं. दारातल्या जवळच्या स्पीकरचा आवाज कानाशी आधी पोचतो, पलीकडच्या दारातला उशिरा. म्हणून आवाज एका बाजूला ओढल्यासारखा होतो. डबीत आकडे भरले की ती जवळच्याला थोडं थांबवून ठेवते. मग सगळे एकदम पोचतात आणि गाणारा बरोबर समोर काचेशी बसल्यासारखा वाटतो. मी डोळे मिटून ऐकलं आणि खरंच, काचेशी कुणीतरी बसून गात होतं. किती छान वाटलं! ती एकच वेळ. कारण मी बसते मागच्या सीटवर. पुढं प्रणिता बसते, मागं बसलं की तिला मळमळतं. मागं सगळे आवाज उशिरा आणि वाकडेच पोचतात. डबीच्या हिशोबानं मात्र गाडी चालवणारी मीच. माझ्याच कानाचं माप त्यात भरलेलं आहे अजून.

जवळच्याला थांबवायचं, हे मला तेव्हाच कुठंतरी टोचलं होतं. घरात दुसरं काय चालतं? लांबच्यांचं आधी ऐकायचं, जवळची थांबते.

मग बाबाभाईनं तो आवाज लावला. घूंऽऽ करून खालून सुरू होतो, गिरणीसारखा, आणि हळूहळू चढत जातो. पोत्यातला भुंगा, मग बाळाचं रडणं, मग शिट्टी, मग बारीक शिट्टी, मग सुईसारखं काहीतरी. स्पीकर कुठं कमी पडतोय ते ह्याच्यावरून कळतं म्हणाला. पप्पा खिडकीतून डोकं आत घालून ऐकत होते. शिट्टी बारीक व्हायला लागली आणि ते म्हणाले, "संपला."

माझ्या कानात तर ती शिट्टी कोकलत होती.

"अजून चालूय," मी म्हणाले.

"काय म्हणली?"

"चालूय म्हटलं. वाजतंय अजून."

"कुठं वाजतंय? बंद झालं. बाबाभाई, बगा, म्हटलं नव्हतं? कंपनीनं वरचा आवाज कापलाय."

बाबाभाईनं माईक लावून पडदा दाखवला. रेघ शेवटपर्यंत सरळ होती. "दादा, मशीन तो बोलता सब बराबर है. ऊपर तक जारा आवाज."

"मशीनला काय कळतंय? मला ऐकू येईना ना!"

"तो फिर कान में तेल डालके देखो," असं म्हणून बाबाभाई हसला. पप्पाही हसले. मी हसले नाही. मला ते माझं जुनं "मोठ्यानं बोल" आठवलं. म्हणजे मी हळू बोलते हे खरं. पण ती शिट्टी काही हळू नव्हती.

परत येताना मी धीर करून म्हणाले, "मला यायलं होतं ऐकू, खरंच." ते गाडी चालवत म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं, चौथी शिकलेली!" रागानं नाही म्हणाले, सहज म्हणाले. ऐकायला चौथी कशाला लागते, हे मला घरी येऊन कुकर लावताना सुचलं. माझी उत्तरं अशी कुकराबरोबरच शिजतात.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेच. कामावरून आले, चहा घेतला, की चावी उचलायची आणि खाली. फोनच्या पडद्यावर पट्ट्या असतात, उभ्या, ओळीनं. डावीकडच्या पट्ट्या खालच्या आवाजाच्या, उजवीकडच्या वरच्या. बोटानं पट्टी वर सरकवली की तेवढाच आवाज वाढतो. पप्पा उजवीकडच्या पट्ट्या रोज थोड्या थोड्या वर न्यायचे. मला खिडकीतून हाक यायची, "ये गं जरा, बसून बग." मी पदराला हात पुसत जायची आणि चाकासमोर बसायची. गाणं लागायचं. झांजेचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा घुसायचा. गाणारीचा प्रत्येक स आणि श सापाच्या फूत्कारासारखा. माझ्या दाढा शिवशिवायच्या.

"आता कसंय?"

"लई टोचतंय."

"काय म्हणली?"

"टोचतंय! कानात टोचतंय!"

"टोचणारच. मोकळा झालाय आवाज. तुला दाबलेल्याची सवय आहे."

शेजारच्या घरचा कुत्रा त्या वेळी गळा काढायचा. प्रणिता वरून ओरडायची, "पप्पा, कुत्र्याला पण पटेना तुमचं सेटिंग!" ते तिच्याकडं बघून हसायचे. त्यांना वाटायचं, ती काहीतरी चांगलं म्हणतेय.

त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. पडद्याच्या उजेडात भुवया जुळलेल्या, मान तिरकी, डावा कान पुढं. पाच मिनिटं बरं वाटायचं त्यांना, मग परत काहीतरी कमी. "पैंजण वाजतंय ह्या गाण्यात, मला माहितीय. पहिल्यापासून ऐकलंय मी. कुठं गेलं ते पैंजण?" पैंजण तिथंच होतं. आमच्या अंगावर आदळत होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी त्यांचं वाईट वाटायचं, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाला काहीच करता येत नाही. मी गाडीतून उतरून वर भाकरी थापायला यायची. भाकरीवर जरा जोरात हात पडायचा, एवढंच.

आता मागं बघते तर त्या दिवसांतलं सगळं तेच सांगत होतं. एकदा मी शेपू आणा म्हणून सांगितलं तर पेरू घेऊन आले, पिशवीभर. "पेरू म्हणली ना?" मी आणि प्रणिता पोट धरून हसलो. रात्रीच्या जेवणाला पेरूची भाजी केली आणि ती बरी पण झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर विसरायचे. विसरायचे असं मला वाटायचं. स्वयंपाकघरात मी ओट्याकडं तोंड करून बोलले की "काय म्हणली?" यायचंच. आणि समोरासमोर बसून बोलले की कधी यायचं नाही. मी किती वर्षं ह्याचा अर्थ लावला की, हे समोर असले की मी नीट बोलते. आता कळतं की ते माझ्या तोंडाकडं बघत होते. प्रेसवर सगळे बघतात तसे. आणि मी अशी की बोलताना पदर तोंडाशी न्यायची सवय. लाजेनं. म्हणजे जे ऐकू येत नव्हतं ते दिसूही देत नव्हते.

मग ती संध्याकाळ. दसरा झालेला. गाडी मैदानाच्या कडेला लावली होती, तिथं पावसाळ्यातलं गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं. गाणं बंद होतं, ते पट्ट्या बघत होते. गवतातून रातकिडे असे किरकिरत होते की हवा थरथरल्यासारखी वाटत होती. मी सहज म्हणाले, समोर तोंड करून आणि जरा वर, "रातकिडे किती ओरडायले बाई!"

त्यांनी मान वर केली. खिडकीतून बाहेर बघितलं. "कुठंयत? अजून आले नाय ह्या वर्षी. थंडी पडली की येतील."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते परत पट्ट्यांत डोकं घालून बसले. आजूबाजूला सगळं गवत किरकिरत होतं आणि त्या माणसासाठी ते अजून यायचं होतं.

त्या क्षणी मला कळलं, माझा आवाज बारीक नव्हता. म्हणजे बारीक होता, पण एवढा नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला पुटपुटी समजले. मुलीच्या शाळेत गेले नाही, हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची वेळ आली की आत पळाले, कारण आपला आवाज कुणाला पोचतच नाही, घरातल्या माणसाला पोचत नाही तर बाहेरच्यांना काय. आणि खरं काय तर पत्रा ठोकून ठोकून त्यांच्या कानातल्या वरच्या पट्ट्याच खाली गेल्या होत्या. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मला फक्त चीड आली. कुणावर ते अजून ठरलेलं नाही.

प्रणितानंच सांगितलं शेवटी. तिनं तो चढत जाणारा आवाज फोनवर लावला आणि तिघांनी हात वर करून बसायचं, ऐकू यायचं बंद झालं की हात खाली. खेळ म्हणून. पप्पांचा हात पहिल्यांदा खाली आला. मग बराच वेळ कुणाचाच नाही. मग माझा. तिचा सगळ्यात शेवटी. आमचे दोघींचे हात वरच होते तेव्हा ते आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. "पप्पा, गाडीचा प्रॉब्लेम नाहीय," ती म्हणाली. ते उठले. "ह्या फोनचा स्पीकर फालतू आहे," म्हणाले आणि खाली गाडीकडं गेले. वर आले तेव्हा जेवण गार झालं होतं. आठवडाभर त्यांनी तिला हाक मारली नाही. गाडीतल्या पट्ट्या मात्र अजून वर गेल्या.

नुसता हट्ट नव्हता तो. मला नंतर कळलं, त्यांना भीती होती. प्रेसवर ज्याला ऐकू येत नाही त्याला प्रेसवर ठेवत नाहीत. मशीनचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलंय हे कानालाच आधी कळतं, आणि नाही कळलं तर हात जातो. त्यांना स्टोअरला टाकतील, सामान मोजायला. आयुष्यभर प्रेसवाला म्हणून मिरवलेल्या माणसाला ते नको होतं. म्हणून ते गाडीला दोष देत होते. गाडीचा दोष निघाला असता तर सगळंच वाचलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात कामावर सगळ्यांची तपासणी झाली, कानाची पण. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. टीं वाजलं की बटण दाबायचं. ह्यांनी काय करावं? काचेपलीकडं मशीन चालवणाऱ्या माणसाच्या हाताकडं बघत बसले. त्याचं बोट हललं की ह्यांनी बटण दाबायचं. हातवाऱ्यांवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला काय अवघड! पहिला निकाल एकदम उत्तम आला. मग त्या माणसाला संशय आला आणि त्यानं खुर्ची भिंतीकडं फिरवली. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत. "पकडलं गं मला." हसले, आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले.

तर आता ते स्टोअरला आहेत. आणि कानाचं यंत्र आलंय. ते बसवायला गेलो तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या, ओळीनं. डावीकडं खालचे आवाज, उजवीकडं वरचे. पप्पा खुर्चीत पुढं सरकले. "हे तर तेच आहे!" बाई उजवीकडच्या पट्ट्या उचलत गेल्या आणि हे बघत राहिले. गाडीत त्यांनी जेवढ्या उचलल्या होत्या, जवळजवळ तेवढ्याच. म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी ते बरोबरच करत होते. फक्त डबी चुकीच्या ठिकाणी बसवली होती.

मला वाटलं, आता सुटलो. पण कसलं काय! गाडीत डबी बसवायला तडफडणारा माणूस कानात बसवायला तयार नाही. "कचकच करतंय." "ताटल्या आपटल्यासारख्या वाजतात." "कागद चुरगळला तरी डोकं उठतं." अहो, ताटल्या आपटतातच, कागद वाजतोच, तुम्हालाच माहीत नव्हतं! हे पण ओरडूनच सांगावं लागतं. यंत्र देवाशेजारच्या फळीवर डबीत पडून असतं. प्रणिता म्हणाली तर म्हणतात, "तुझ्या मामानं लग्नात पिळला तेव्हाच बिघडला होता हा कान, आता काय नीट होतोय?" सगळे हसतात. विषय संपतो. आणि मी वरच्या पट्टीत बोलत राहते. शेजारीण परवा म्हणाली, "ताई, तुम्ही आधी किती शांत होता." मी काय सांगणार तिला? भाजी, दूध, गॅस, लाइटबिल, हे सगळं ओरडता येतं. पण काही गोष्टी ओरडून सांगायच्या नसतातच. त्या ओरडल्या की त्या त्याच राहत नाहीत. त्या मी साठवून ठेवते आणि गाडीत मागं बसले की त्यांच्या पाठीला सांगते, गाणं चालू असताना, हळू. सवयच लागलीय. चिडलेली असले की तेही तिथंच. कुणाला ऐकू जात नाही, मन मोकळं होतं. ती मागची सीट म्हणजे माझी कोठीची खोली झालीय.

आज सुट्टी होती, म्हणून दौलताबादच्या रस्त्याला गेलो होतो, सीताफळं आणायला. डब्यातली पुरणार नाहीत म्हणाले. निघताना प्रणितानं फळीवरची डबी आणली. "पप्पा, आज घालायचं, नाहीतर मी पुढं बसून एक पण गाणं लावणार नाही." पोरीपुढं त्यांचं चालत नाही. घातलं त्यांनी, तोंड वाकडं करून. तिनं गाणं लावलं.

ते एकदम दचकले. गाडी कडेला घेतली. "ए, काय झालं ह्याला? किती कर्कश लागतंय! कुणी हात लावला सेटिंगला?"

"तुम्हीच केलंय ते, पप्पा. दोन वर्षं हेच ऐकतोय आम्ही."

त्यांनी गाणं बंद केलं. फोन काढला आणि उजवीकडच्या पट्ट्या एकेक करून खाली आणायला लागले. ऊन कलत होतं. रस्त्याकडेला वाळकं गवत. मधेच त्यांनी हात थांबवला. "गाणं बंद केलं तरी वाजतंय काहीतरी. डबी गेली वाटतं." त्यांनी चावी फिरवून गाडीच बंद केली. तरी वाजत होतं.

"रातकिडे आहेत, पप्पा," प्रणिता म्हणाली.

त्यांनी काच खाली केली. मान बाहेर काढून ऐकलं. मग गाडी चालू केली, गाणं लावलं, आणि गाणं पहिल्यांदा गाण्यासारखं आलं. मला मागं सुद्धा. मांडीवर सीताफळांची पिशवी होती, एक फळ पिकून फुटलं होतं आणि माझ्या बोटांना रस लागला होता. दोन वर्षं माझ्या दाढा शिवशिवल्या, तेव्हा नाही. ह्यांना स्वतःला टोचलं तेव्हा पट्ट्या खाली आल्या. मला एवढा राग आला. नेहमीसारखी मी खिडकीकडं बघत, पदराआड, त्यांच्या पाठीला म्हणाले, "गाडीचं ऐकलं. आता माझं कधी ऐकणार?"

"काय म्हणली?"

सवयीनं मी श्वास भरून घेतला, वरच्या पट्टीत सांगायला, किंवा "काय नाय" म्हणायला. पण आरशात त्यांचे डोळे दिसले. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. तोंडावर तर पदर होता. मागच्या सीटवरून सांगितलेल्याला आजवर कधी "काय म्हणली?" पण आलं नव्हतं. त्यांना ऐकू आलं होतं.

मी तेच परत म्हणाले. तेवढ्याच हळू.